सेकंद मोजणारी ट्राम

मंडळी, आज जरा भांडायचं आहे.

"प्रोग्रॅम बदला." गेल्या काही महिन्यांत हे दोन शब्द मी इतक्या वेळा ऐकले आहेत की आता कुणी उच्चारले तरी डोकं तापतं. गाडी थांब्यावर थांबत नाही? प्रोग्रॅम बदला. थांबली ती सुटतच नाही? प्रोग्रॅम बदला. एकदा थांबते, एकदा नाही? अहो, मग प्रोग्रॅमच बदलून टाका ना! रुळाकडे वाकून बघायला मात्र कुणी तयार नाही.

कुठली गाडी, ते आधी सांगते. आमच्या सोसायटीतल्या सातवी-आठवीच्या चार मुलांनी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मुंबईच्या ट्रामचं चालतं मॉडेल केलं. प्लायवूडच्या लांब फळीवर तीन मीटरच्या वर रूळ, त्यावर खेळण्यातल्या आगगाडीचा सांगाडा आणि त्याच्यावर पुठ्ठ्याची ट्राम. थांबे चार: म्युझियम, क्रॉफर्ड मार्केट, भायखळा, दादर. ट्राम म्युझियमहून निघते, प्रत्येक थांब्यावर आपणहून पाच सेकंद थांबते आणि दादरहून उलटी फिरते. फळीखाली आर्डुइनोचा बोर्ड, मोटर चालवणारा आणखी एक बोर्ड, बारा व्होल्टचा अडॅप्टर. ट्रामच्या पोटाला लोहचुंबकाची छोटी चकती आणि प्रत्येक थांब्याशी दोन रुळांच्या मध्ये एक हॉल सेन्सर. चुंबक वरून गेलं की सेन्सर बोर्डाला निरोप देतो, "आली." बोर्ड मोटर बंद करतो. एवढंच सगळं.

विषय मीच सुचवला होता. ३१ मार्च १९६४ च्या रात्री मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली तेव्हा मी चौदा वर्षांची होते. 'दादर टीटी'मधलं टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, हे या मुलांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या आईवडिलांनाही नव्हतं! असो. ट्रामच्या आठवणी पुन्हा कधीतरी.

आता तुम्ही म्हणाल, या बाईंना यातलं काय कळतं? बरोबर आहे. मी बीए, तेही मराठी घेऊन. उभा जन्म व्याकरण आणि इतिहास शिकवण्यात गेला. तारा जोडायचं काम मुलांनी केलं, आणि अडलं तिथे आमच्या मजल्यावरच्या, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या आजोबांनी दाखवलं. पण चूक शोधणं हा काही विज्ञानवाल्यांचा राखीव प्रांत नाही हो. मी छत्तीस वर्षं दुसरं काय केलं? साऱ्या वर्गाचं एकच उत्तर चुकलं तर आपल्या शिकवण्यात बघायचं, एकाचंच चुकलं तर त्याच्या वहीत बघायचं. हे ज्याला कळतं त्याला ट्रामही दुरुस्त करता येते.

थट्टा नाही. एके दिवशी ट्राम एकाही थांब्यावर थांबेना. चारही सेन्सर एकाच वेळी बिघडतील का? मग चौघांत समान काय? चुंबक! ट्राम उलटी करून बघितली. चकती निघाली होती, ती कुणीतरी परत चिकटवताना पालथी चिकटवली होती. आमच्याकडचे सेन्सर चुंबकाच्या एकाच ध्रुवाला ओ देतात, दुसरा ध्रुव समोर आला की ढिम्म. चकती सुलटी केली, काम झालं. त्याच सकाळी एका मुलाचा दादा लॅपटॉप उघडून प्रोग्रॅम बदलायला बसला होता, हे सांगायला नकोच.

खरा छळ केला तो भायखळ्यानं. बाकी तीन थांबे ठीक, भायखळा मात्र पाचातून दोनदा गाळायची. पुन्हा तेच, "प्रोग्रॅम." मी म्हटलं, थांबा. प्रोग्रॅम सगळ्यांना सारखा आहे, तो एकट्या भायखळ्यावरच का रुसेल? आजोबांनी भायखळ्याचा सेन्सर काढून म्युझियमला लावला आणि म्युझियमचा भायखळ्याला. दोष सेन्सरबरोबर म्युझियमला गेला नाही, भायखळ्यालाच राहिला. म्हणजे सेन्सर निर्दोष. मग बोर्डावरच्या दोन तारांची अदलाबदल केली, प्रोग्रॅममध्येही तेवढे दोन आकडे बदलले. दोष तरीही भायखळ्यालाच. म्हणजे बोर्डही निर्दोष. शेवटी त्या सेन्सरला एक छोटा लाल दिवा जोडला, चुंबक दिसलं की तो लागावा असा. ट्राम भायखळ्यावरून सुसाट गेली आणि दिवा लागलाच नाही. प्रोग्रॅमला निरोपच पोचला नव्हता, तो बिचारा काय करणार?

मग आठवीतल्या मुलीनं फळीवर गाल टेकवून रुळाच्या पातळीतून बघितलं. तिथे रुळाचे दोन तुकडे जोडलेले होते आणि जोड किंचित उचललेला होता. गाडी तिथे वर उचलली जायची, चुंबक आणि सेन्सर यांतलं अंतर वाढायचं. किती? सेन्सरखाली जुन्या पोस्टकार्डांचे तुकडे सरकवत गेलो. दोन तुकड्यांना दिवा लागायला लागला, आणि मग एकदाही चुकला नाही. दोन पोस्टकार्डांची जाडी! एवढ्यासाठी तीन शनिवार गेले, पण त्या तीन शनिवारांत मुलं जे शिकली ते मला कुठल्या पुस्तकात दाखवता येणार नाही.

प्रोग्रॅम कधीच चुकत नाही असं माझं म्हणणं नाही. एकदा दोष तिथेच निघाला. ट्राम थांबायची, पाच सेकंदांनी सुटायची आणि बोटभर पुढे जाऊन पुन्हा थांबायची. कारण उघड होतं. सुटताना चुंबक अजून त्याच सेन्सरवर असायचं, त्यामुळे बोर्डाला वाटायचं, अरे, थांबा आला! सुटल्यावर दोन सेकंद सेन्सरचं ऐकायचं नाही, असं लिहिल्यावर गाडी मार्गी लागली. मुद्दा एवढाच की आधी कुठे बघायचं हे लक्षणं सांगतात. आपली घाई नाही सांगत.

आता मूळ भांडण.

प्रदर्शनाला तीन दिवस राहिले असताना शाळेतल्या मार्गदर्शक सरांनी मॉडेल बघितलं. ट्राम नेमकी त्या दिवशी अडखळत चालली होती. रूळ मळले होते, दुसरं काही नाही. मऊ फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसले की झालं. (घरी कुणी करणार असाल तर सॅंडपेपर लावू नका, त्याच्या ओरखड्यांत मळ जास्तच बसतो.) पण सरांना वेळ नव्हता. त्यांनी चारही सेन्सर काढायला लावले आणि प्रोग्रॅममध्ये सरळ सेकंद घातले. पाच सेकंद चाल, पाच सेकंद थांब, पाच सेकंद चाल. "परीक्षकांसमोर थांबली म्हणजे झालं." मी काही बोलायला गेले तर हसून म्हणाले, "बाई, तुम्ही मराठीच्या. हे टेक्निकल आहे."

बरं, मराठीचंच बोलते. मॉडेलच्या मागच्या तक्त्यावर मुलांनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'ही ट्राम थांबा ओळखते'. त्या आठवीतल्या मुलीनं मला विचारलं, "आजी, आता ते 'ओळखते' खोडायचं का?"

सरांनी खोडू दिलं नाही. तक्ता सुंदर दिसत होता ना!

माझा राग आहे तो इथे. मोटर, बोर्ड, तारा सगळं ठीक, पण क्रियापद खोटं. सेकंद मोजणाऱ्या गाडीला थांबा कुठे आहे याचा पत्ताच नसतो. ती डोळे मिटून पावलं मोजत अंधारात चाललेली असते. हिशेब करून बघा. दोन थांब्यांतलं अंतर एक मीटर, वेग सेकंदाला वीस सेंटिमीटर, म्हणून पाच सेकंद. रूळ मळून वेग वीसाचा एकोणीस झाला की पाच सेकंदांत पंच्याण्णव सेंटिमीटरच होतात. पहिल्या थांब्यावर पाच सेंटिमीटर मागे, दुसऱ्यावर दहा, दादरला पंधरा. आमची ट्रामच मुळी पंधरा सेंटिमीटर लांब आहे! म्हणजे दादरला ती अख्खी थांब्याच्या अलीकडे उभी राहणार, आणि तिथून "दादर आलं" असं समजून उलटी फिरणार. चूक मिटत नाही, साठत जाते. सेन्सर असला की प्रत्येक थांब्यावर हिशेब नव्यानं सुरू होतो.

आणि हे फक्त खेळण्याचं आहे असं समजू नका. खऱ्या रेल्वेनं हा धडा केव्हाच गिरवला आहे. गाडी रुळावर आहे की नाही हे रुळातूनच वीज खेळवून ओळखण्याच्या पद्धतीचं पेटंट विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन माणसानं १८७२ साली घेतलं, म्हणजे मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली (९ मे १८७४) त्याच्याही दोन वर्षं आधी. त्यातली गंमत बघा. वीज पोचली नाही, तार तुटली, बॅटरी संपली, काहीही झालं तरी सिग्नल धोक्याकडेच जातो. निरोप आला नाही याचा अर्थ सगळं आलबेल आहे असा लावायचाच नाही. आपली 'कवच' यंत्रणाही नुसत्या चाकांच्या फेऱ्यांवर विसंबत नाही. रुळात ठरावीक अंतरांवर आरएफआयडी टॅग बसवलेले असतात, इंजिन ते वाचतं आणि आपण कुठे आहोत याची खात्री करून घेतं. हजारो टनांची गाडी हाकणारी माणसं घड्याळावर भरवसा ठेवत नाहीत, आणि आम्ही मुलांना शिकवतोय, सेकंद घाल आणि मोकळा हो!

घड्याळाला कामच नाही असंही नाही. आजोबांनी सुचवलेली युक्ती मला फार आवडली होती. आठ सेकंदांत पुढच्या थांब्याचा निरोप आला नाही तर गाडी जागीच थांबवायची आणि लाल दिवा लावायचा. म्हणजे घड्याळ पहारेकरी झालं. सरांनी त्याला ड्रायव्हर केलं.

प्रदर्शनात काय झालं? सकाळी परीक्षक आले तेव्हा रूळ पुसलेले होते, ट्राम दिमाखात चारही ठिकाणी थांबली, टाळ्या झाल्या. कुणी एक प्रश्न विचारला नाही. दुपारी पालक आले तोवर शंभरेक हात रुळांना लागून गेले होते, आणि ट्राम दादरच्या अलीकडे उभी राहून प्रवासी चढवत होती. मुलं तक्त्यापुढे उभी राहून 'ओळखते' हा शब्द पाठीनं झाकत होती. बारा-तेरा वर्षांची मुलं. त्यांना ही कला शिकवायला आपण शाळेत पाठवतो का, तुम्हीच सांगा.

"बाई, एवढं काय, प्रदर्शनच तर आहे," असं मला दोघा-तिघांनी ऐकवलं. हीच मुलं उद्या कुठेतरी लिफ्टचा, सिग्नलचा, दवाखान्यातल्या पंपाचा प्रोग्रॅम लिहिणार आहेत. तिथेही साहेब म्हणेल, तपासणीच्या दिवशी चाललं म्हणजे झालं. तेव्हा यांना भायखळ्याचा लाल दिवा आठवेल की दादरच्या टाळ्या?

२०१६ मध्ये सरकारची टिंकरिंग लॅबची योजना आली, अनेक शाळांना बोर्ड आणि सेन्सर मिळाले, फार चांगलं झालं. आमच्या वेळी प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप असायचं आणि किल्ली शिपायाकडे. पण बोर्ड मिळाला म्हणून जिज्ञासा मिळत नाही. बिघडलेलं मॉडेल घेऊन येणाऱ्या मुलाला जागा कुठल्या प्रदर्शनात आहे? 'काय बिघडलं, कसं शोधलं' याला गुण कोण देतं? माझ्या हातात असतं तर भायखळ्याच्या त्या तीन शनिवारांची वही मी ट्रामच्याही पुढे मांडली असती.

परीक्षकांना एक अगदी सोपी गोष्ट सांगते, त्याला विज्ञानाची पदवी लागत नाही. चालती गाडी मध्येच हातानं उचला आणि वीतभर मागे ठेवा. मग बघा, थांब्यावर थांबते की थांब्याच्या आधीच. अर्धा मिनिट पुरतो. पुढच्या प्रदर्शनाला मला आत सोडलं तर मी दारातूनच याला सुरुवात करणार आहे.

चारही सेन्सर सध्या माझ्याकडे चहाच्या रिकाम्या डब्यात आहेत. शनिवारी मुलं येणार आहेत, भायखळ्याचा आधी बसवायचाय. पोस्टकार्डांचे ते दोन तुकडे मी जपून ठेवले आहेत.