१० रुपयांचा वायसर आणि ३०० रुपयांची व्हिजिट

घरदुरुस्तीच्या सेवेचा व्यवसाय सुरू करायचाय, असं म्हणणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न ॲपचा असतो. ॲप कितीत होईल, नाव काय ठेवू, लोगो कसा हवा. माझं मत थोडं वेगळं आहे. ॲप राहू द्या. आधी तुमचं गिऱ्हाईक रविवारी सकाळी काय करत असतं, ते बघा.

ते स्टुलावर चढलेलं असतं. फ्लशची टाकी रात्रभर वाहतेय, हातात पाना आहे, मोबाईल बेसिनवर उभा करून ठेवलाय आणि त्यावर कोणीतरी दाखवतंय की इनलेट व्हॉल्व कसा काढायचा. २० वर्षांच्या हप्त्यांवर घेतलेला फ्लॅट. भाड्याने राहत होता तेव्हा मालकाला एक फोन केला की काम संपायचं; मालक कुरकुर करत का होईना, माणूस पाठवायचा. आता तक्रार करणाराही तोच आणि मालकही तोच. ‘घर पाहावं बांधून’ असं आपल्याकडे म्हणतात. बांधल्यानंतर पुढची ३० वर्षं काय काय पाहावं लागतं, त्याची म्हण कोणी केलेली नाही.

तो हे स्वतः का करतो? तुम्हाला वाटेल, पैसे वाचवायला. थोडं ते आहेच. पण मला खरं कारण वेगळं दिसतं. १५ मिनिटांच्या कामाला वेळेवर येणारा माणूस त्याला मिळत नाही. ओळखीचा प्लंबर असतो, पण त्याने कुठल्यातरी साइटवर दोन बाथरूमचं काम अंगावर घेतलेलं असतं. तिकडची मजुरी सोडून तो तुमच्या नळाचा वायसर बदलायला कशाला येईल? तो ‘नाही’ म्हणत नाही, ‘उद्या सकाळी येतो’ म्हणतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. इकडे हा माणूस अर्धी रजा टाकून बसतो, उद्या परवावर जातो, आणि शेवटी तो ऑनलाइन २,००० रुपयांचं ड्रिल मशीन मागवतो.

म्हणजे घरी स्वतः दुरुस्ती करणारा माणूस तुमचा स्पर्धक नाही. तो तुमचं न मिळालेलं गिऱ्हाईक आहे. आणि मी तर म्हणतो, त्याला करू द्या. नळाचा वायसर, शॉवरची जाळी, जेट स्प्रे, दाराची सैल बिजागरी, सिंकखालचा वेस्ट पाइप ही कामं त्याने घरी करायलाच हवीत. तुम्हाला येत असेल तर व्हिडिओ काढून शिकवासुद्धा. ज्याने एकदा स्वतः फ्लशची टाकी उघडून बघितलीय, तो पुढच्या वेळी मजुरीवरून कमी घासाघीस करतो, कारण आत किती किरकिर आहे ते त्याला कळलेलं असतं.

शिवाय घरगुती दुरुस्ती कुठे अडते, हे जवळजवळ ठरलेलं आहे. अँगल कॉक. दहा-बारा वर्षं कोणी हात न लावलेला, क्षारांनी जाम झालेला. जोर लावून फिरवला की भिंतीतला तुकडा भिंतीतच तुटतो, पाणी कारंज्यासारखं उडतं, आणि मग शोध सुरू होतो की या लाइनचा व्हॉल्व गच्चीवर नेमका कुठला? ते फक्त जुन्या वॉचमनला माहीत असतं आणि तो गावी गेलेला असतो. ड्रिलचंही तसंच. स्विचबोर्डच्या किंवा नळाच्या सरळ वर-खाली भोक पाडायचं नाही, कारण कन्सील्ड वायर आणि पाइप बहुधा त्याच रेषेत असतात, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. नव्या इमारतींमध्ये भिंत एएसी ब्लॉकची असेल तर साधी गिट्टी त्यात धरत नाही. भिंतच काँक्रीटची असेल तर घरगुती ड्रिल आत जातच नाही, हॅमर ड्रिल लागतं. पडद्याचा रॉड तिसऱ्या दिवशी खाली येतो तो यामुळे.

पण हे सगळं किरकोळ. घरमालकाला खरं रडवते ती ओल.

दरवर्षीचं चक्र बघा. पावसाळ्यात बेडरूमच्या भिंतीवर डाग येतो. गणपतीपर्यंत पापुद्रे सुटतात. दिवाळीच्या आधी तो स्वतः खरवडतो, पुट्टी भरतो, प्रायमर मारतो, रंग देतो. घर छान दिसतं, पाहुणे येऊन जातात. भिंत आतून अजून वाळलेलीच नसते. पुढच्या आषाढात डाग त्याच जागी, थोडा मोठा होऊन. मग कोणीतरी वॉटरप्रूफिंगचा डबा सुचवतं, तोही आतल्या बाजूने मारला जातो. चार वर्षांत त्याने त्या एका भिंतीवर किती पैसे घातले त्याची बेरीज तो करत नाही, आणि करावीशी वाटत नाही हेही मी समजू शकतो. तो डाग दुरुस्त करत होता, गळती तशीच राहिली होती. वाईट म्हणजे पैसे घेऊन आलेल्या कारागिरानेही बहुतेक वेळा तेच केलेलं असतं.

इथे तुमचा धंदा आहे. हात चालवणारे पुष्कळ आहेत. पाणी नेमकं कुठून येतंय, ते शोधून सांगणारे फार कमी.

आणि यात जादू नाही, प्रश्न विचारावे लागतात. डाग फक्त पावसातच ओला होतो का? तर बाहेरची भिंत, खिडकीची कड किंवा गच्ची बघा. मे महिन्यातही ओलाच असतो? मग वरच्या फ्लॅटचं बाथरूम. वरचे लोक आठ दिवस गावी गेले होते तेव्हा तो सुकला होता का? सुकला असेल तर वापराचं पाणी झिरपतंय, म्हणजे न्हाणी ट्रॅप, ड्रेनेजचा सांधा किंवा टाइल्सच्या फटी. कोणी नसतानाही ओल तशीच राहिली असेल तर दाबाखाली असलेली पाण्याची लाइन तपासा. शंका असेल तर वर रंग मिसळलेलं पाणी सोडा आणि खाली वाट बघा. तळमजल्यावर जमिनीलगत पांढरी पूड दिसली, लोणा लागलेला असला, तर पाणी वरून नाही, खालून चढतंय. अर्ध्या तासाची विचारपूस आहे ही. पण ती करायला कोणी थांबत नाही, कारण तिचे पैसे मिळत नाहीत असं सगळ्यांनी गृहीत धरलंय.

पैसे मिळतात. अट एकच, ते लिहून द्या. एक पान, दोन फोटो, तारीख, काय तपासलं आणि काय आढळलं. हा कागद घरमालकाला का हवा असतो, तर ओल ही निम्मी दुरुस्ती आणि निम्मं भांडण असते. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून येणाऱ्या पावसाच्या पाण्याची दुरुस्ती सोसायटीने करायची असते. संडास, सिंक वगैरेंच्या आतल्या गळतीची त्या त्या फ्लॅटधारकाने. मग सेक्रेटरी म्हणतो वरच्यांचं बाथरूम गळतंय, वरचे म्हणतात गच्ची. खालच्या माणसाकडे दाखवायला काहीच नसतं. तुमच्या कागदावर सभेत चर्चा झाली की त्या इमारतीतलं पुढचं काम कोणाला मिळेल, ते तुम्हीच सांगा.

कधीकधी त्या कागदावर असं लिहावं लागेल की ‘हे काम मला देऊ नका.’ २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष निदर्शनास आणून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. तीन वर्षांच्या फ्लॅटमध्ये भिंत पाझरत असेल, तर आधी बिल्डरला लेखी कळवायला सांगा. प्लास्टर फोडायला घेऊ नका. नंतर ‘तुम्हीच छेडछाड केली’ म्हणायला जागा मिळते. ४० हजारांचं काम हातचं जाईल. मला मान्य आहे, पहिल्या वर्षात, घरचे ‘धंदा कसा चाललाय’ विचारत असताना, हे सांगणं सोपं नाही. तरी सांगा.

आता दर. ‘१० रुपयांचा वायसर बदलायचे ३०० रुपये?’ हे वाक्य तुम्हाला रोज ऐकायला मिळणार, म्हणून हिशोब पाठ ठेवा. समजा महिन्याला स्वतःचा पगार २५,००० धरला, पेट्रोल ३,५००, हत्यारांची झीज १,५००, मोबाईल ५००. झाले ३०,५००. महिन्याला २५ दिवस, रोज ४ घरं, म्हणजे १०० व्हिजिट. एका व्हिजिटचा नुसता खर्च ३०५ रुपये, नफा शून्य. आणि चारातली एक व्हिजिट जुन्याच कामासाठी फुकट मारावी लागली, तर पैसे देणारी घरं ७५ उरतात आणि तोच आकडा ४०७ होतो. शेजारचा १५० मध्ये जातो म्हणून तुम्हीही १५० लावलेत, तर वायसरमध्ये गेलेलं तुम्ही कुठल्यातरी दुसऱ्या घरात नको ते काम काढून भरून काढणार. गिऱ्हाइकाला ज्याची भीती वाटते ती नेमकी हीच. त्यापेक्षा दर फोनवरच सांगा, आणि त्या एका व्हिजिटमध्ये घरातली पाच बारीकसारीक कामं काढून ठेवायला सांगा. त्यालाही ते परवडतं.

विजेचं काम मात्र यात बिनधास्त मिसळू नका. बल्ब, पंखा, स्विच बदलणं वेगळं. नवीन वायरिंग, बोर्ड हलवणं, गीझरची लाइन ओढणं याला परवानाधारक कंत्राटदार आणि वायरमन लागतो. तसा माणूस जोडीला घ्या. जाता जाता एक गोष्ट, कारण याबाबत गैरसमज आहे: पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत सुतार, गवंडी आणि कुलूप-किल्लीवाले आहेत, प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन नाहीत. का नाहीत, हा प्रश्न मलाही पडतो. पण तुमच्या टीममधला सुतार किंवा गवंडी त्यासाठी अर्ज करू शकतो.

सुरुवात एका इमारतीपासून करा. पहिल्या घरी काम झालं की डक्टमध्ये जा, प्रत्येक व्हॉल्ववर तो कुठल्या लाइनचा आहे त्याची पट्टी लावा आणि तोच नकाशा कागदावर काढून सिंकखालच्या दाराला आतून चिकटवा. खाली तुमचा नंबर. पुढच्या व्हिडिओत ओल तपासल्याचा कागद कसा लिहायचा, ते एका खऱ्या बाथरूममध्ये उभं राहून दाखवतो. वही घेऊन बसा.