इंटरफेस शिकवायचाय? हजेरीपट घ्या!



जावा शिकणाऱ्या पोराला विचारून बघा, "इंटरफेस म्हणजे काय?" व्याख्या घडाघडा येईल. पुढे विचारा, "वापरायचा कशाला?" बरेच जण गप्प. पुस्तकात कुत्रा भुंकतो, मांजर म्याँव करतं आणि धडा संपतो. पेपरात मार्क पडतात, पण पुण्यात मुलाखतीला कुत्रा-मांजर कामाला येत नाही. माजलगावात उसाच्या बिलावर पोरांची फी भरणाऱ्या घरांना हे परवडत नाही. म्हणून माझं मत आहे, जावात तयार असलेले इंटरफेस आधी शिकवा, स्वतःचे नंतर.

सुरुवात 'कम्पेरेबल'ने करा. पालकांनी इंटरफेस म्हणजे करार एवढं धरलं तरी पुरे. जावाची सॉर्ट मेथड म्हणते, 'यादी मी लावते, पण दोघांत आधी कोण ते तुम्ही सांगा.' ते सांगणारी मेथड म्हणजे 'कम्पेअर-टू'. उत्तर ऋण आलं तर पहिला आधी, धन आलं तर नंतर, शून्य आलं तर दोघे सारखे.

आता चार आडनावं मराठीत टाइप करून सॉर्ट करायला लावा. जावा देते: काळे, कावळे, क्षीरसागर, हजारे. आपल्या वर्णमालेप्रमाणे हवं: कावळे, काळे, हजारे, क्षीरसागर. असं का होतं? स्ट्रिंगची तुलना युनिकोडच्या क्रमांकांवर चालते. तिथे 'ळ' हा 'ल'ला चिकटून, 'व'च्या आधी बसलाय. 'क्ष'ला तर स्वतःचा क्रमांकच नाही, तो 'क'पासून सुरू होतो. (मुलांना हे सांगितलं की वर्गात खसखस पिकते.) स्ट्रिंग क्लास आपल्याला बदलता येत नाही. मग आपला क्रम बाहेरून सांगायचा, त्यासाठी 'कम्पेरेटर'. हे दोन्ही इंटरफेस १९९८ च्या जावा १.२ पासून आहेत. दोन का लागतात, ते इथे पोरांना आपोआप कळतं.

पुढची गंमत जरा महागात पडणारी आहे. विद्यार्थी 'ट्रीसेट'मध्ये टाका आणि तुलना फक्त गुणांवर करा. दोघांना ८२ गुण असतील तर यादीत एकच उरतो! एरर नाही, सूचना नाही. तुलनेचं उत्तर शून्य आलं, म्हणजे ट्रीसेटच्या लेखी दोघे एकच. एका पोराचं नाव गुणवत्ता यादीतून गेलं, हे पडद्यावर दिसलं की शून्याचा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही. गुण सारखे असतील तर रोल नंबर बघ, एवढी एक अट घातली की दुसरा परत येतो. २०१४ च्या जावा ८ पासून हे 'देन-कम्पेअरिंग'ने एका ओळीत होतं, पण पहिल्यांदा इफ लिहूनच करून घ्या.

'इटरेबल' आणि 'रनेबल' नंतर घेतले तरी चालतील. पालकांनी घरी एवढंच म्हणावं, "तुझ्या वर्गाची हजेरी मराठी क्रमाने लावून दाखव." आणि पोरगं ती लावत असताना जरा शेजारी बसावं.