आकडा भरला म्हणजे हात तयार झाला?

केसेस भरपूर मिळाल्या की हात आपोआप बसतो, आणि तो बसला की नाही हे सिनिअरच्या नजरेला कळतेच, असा समज सर्जरीच्या पदव्युत्तर विभागांत वर्षानुवर्षे चालत आला आहे. मग तीन वर्षांच्या रेसिडेन्सीत वरचेवर मूल्यमापन कशाला? बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी तर हा युक्तिवाद सहज पटतो. आशियातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय अशी त्याची ओळख. तिथल्या रेसिडेंटला कामाची ददात नसते.

हात सरावानेच बसतो, हे खरेच. पण चुकीचे वळणही सरावानेच पक्के होते.

जांघेच्या हर्नियाचे साधे ऑपरेशन घ्या. जाळी बसवताना इलिओइंग्वायनल नस ओळखून जपली का? प्यूबिक ट्यूबरकलच्या पुढे जाळी पुरेशी सरकवली का, की काठावरच टाका घेऊन मोकळे झाले? हर्निया पुन्हा उद्भवतो तो बरेचदा याच कोपऱ्यातून, आणि नस टाक्यात सापडली तर रुग्ण महिनोन्‌महिने दुखणे सोसतो. लॉगबुकात मात्र नीट झालेल्या आणि नुसत्या उरकलेल्या, दोन्ही ऑपरेशनांची नोंद एकसारखीच: 'हर्निया, स्वतः केले.' पन्नास नोंदी झाल्या तरी त्या कोपऱ्यात काय घडले ते कळत नाही. शेजारी हात धुऊन उभ्या असलेल्या सिनिअरलाच ते दिसते, आणि त्याने त्याच दिवशी सांगितले तरच रेसिडेंटला उपयोग होतो.

२०१३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतील मिशिगनच्या वीस सर्जनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने आपल्या गॅस्ट्रिक बायपासचा व्हिडिओ दिला आणि नाव न कळता समव्यवसायींनी त्याला गुण दिले. कौशल्यात तळाच्या चतुर्थांशात आलेल्यांच्या रुग्णांत गुंतागुंतीचे प्रमाण १४.५ टक्के निघाले, वरच्या चतुर्थांशात ५.२ टक्के. पदव्या सगळ्यांकडेच होत्या.

'शेवटी एमएसची परीक्षा आहेच,' असेही सांगितले जाते. पण जनरल सर्जरीच्या त्या परीक्षेत लाँग केस, शॉर्ट केस, इन्स्ट्रुमेंट्स, एक्स-रे आणि व्हायवा असतात. परीक्षकांसमोर उमेदवार सहसा ऑपरेशन करत नाही. त्याला काय माहीत आहे ते तिथे नीट कळते. पहाटे तीनला फुटलेल्या आतड्यासमोर तो काय करील, ते कळत नाही.

वेळेची तक्रार मात्र खोटी नाही. ओपीडी तुंबलेली, कॅज्युअल्टीत अपघाताचे रुग्ण, त्यात कागद वाढले की सत्र संपताना एका बैठकीत कित्येक महिन्यांच्या नोंदी उरकल्या जातात. अशा मूल्यमापनाला काडीची किंमत नाही. पण म्हणून ते सोडून द्यावे असे ठरत नाही. पानभर फॉर्म नकोच. ऑपरेशन संपल्यावर, हातमोजे उतरवता उतरवता, दोन वाक्ये पुरतात: काय जमले आणि पुढच्या वेळी काय बदलायचे. मर्जीतल्याला झुकते माप मिळेल ही भीतीही रास्त आहे. त्यावर उपाय एकच, एकाच्या मतावर न विसंबता वेगवेगळ्या शिक्षकांनी वेगवेगळ्या दिवशी पाहणे.

हाताइतकाच निर्णय तपासायला हवा, आणि हे बीड जिल्ह्याला कुणी वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्यानंतर जिल्ह्यात अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याची अट आली. हा विषय स्त्रीरोगशास्त्राचा असला तरी प्रश्न सगळ्या शस्त्रक्रियाशाखांचा आहे. यांतल्या कितीतरी शस्त्रक्रिया तांत्रिकदृष्ट्या बिनचूक झाल्या असतील. पण त्या करायला हव्या होत्या का? केसेस मोजणाऱ्या लॉगबुकात या प्रश्नाला रकानाच नाही. ज्या रेसिडेंटने पोटदुखीच्या रुग्णाला नीट तपासले, रात्रभर लक्ष ठेवले आणि ऑपरेशन टाळले, त्याच्या नावावर एकही आकडा चढत नाही. त्या रात्रीचीही नोंद व्हायला हवी, कारणांसकट, आणि त्यावर शिक्षकाचे मत.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आणला आहे आणि तिसऱ्या ते पाचव्या सत्रादरम्यान तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काम करणे बंधनकारक केले आहे. हे तीन महिने निव्वळ हजेरीपुरते राहिले तर हातची संधी जाईल. तिथल्या सर्जनाला हा रेसिडेंट नवा असतो. कुणाचा लाडका, कुणाचा नावडता हे त्याच्या गावीही नसते. त्याने या काळात निदान काही ऑपरेशने शेजारी उभे राहून पाहावीत, दोन-तीन 'ऑपरेशन नको'चे निर्णय तपासावेत, आणि ते शेरे रेसिडेंट महाविद्यालयात परतल्यावर युनिटप्रमुखाने त्याच्यासमोर बसून वाचावेत. यासाठी नवी इमारत लागत नाही की नवे यंत्र. विभागाच्या वेळापत्रकात आठवड्याचा एक तास लागतो, आणि तो विभागप्रमुखांनी आतापासूनच राखून ठेवावा.