बंदोबस्त आणि तपास

भिवंडीतला गुन्ह्याचा तपास म्हणजे बहुतेक वेळा माणसे शोधणे. साक्षीदार यंत्रमागावर काम करणारा असतो. आज इथे, उद्या उत्तर प्रदेशात किंवा बिहारमध्ये गावी. पंचनाम्याला पंच हवेत, केस डायरी रोज लिहायची, आरोपी कोठडीत असेल तर गुन्ह्यानुसार 60 किंवा 90 दिवसांत दोषारोपपत्र, नाहीतर तो जामिनावर सुटतो. 1 जुलै 2024 पासून झडतीचे चित्रीकरणही बंधनकारक झाले. ते चांगलेच झाले.

या शहराला वाईट तपासाची किंमत ठाऊक आहे. मे 1970च्या दंगलीनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती मादन आयोगाने विशेष तपास पथकाच्या पक्षपातावर कठोर ताशेरे ओढले. 1984 मध्ये पुन्हा शहर पेटले. मग पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या, हवालदार गल्लीतल्या माणसांना नावाने ओळखू लागला. डिसेंबर 1992 मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्या ओळखीइतके मोठे तपासाचे साधन मला दुसरे दिसत नाही.

पण ओळख व्हायला वेळ लागतो, आणि आपण तपास अधिकाऱ्याला सणांच्या, सभांच्या बंदोबस्तावर उभे करतो. तपास आणि कायदा-सुव्यवस्था वेगळी करा, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात 2006 सालीच बजावले होते. भिवंडीच्या प्रत्येक ठाण्यात फक्त तपासच करणारी माणसे हवीत, आणि ती आत्ता हवीत.