मनोरे जनतेचे, पण ते राखणार कोण?

यंत्र सुधारले की माणसांची गरज घटते, हे विधान प्रसारणाच्या क्षेत्रात आता स्वयंसिद्ध म्हणून मांडले जाते. वस्तुतः ते अर्धसत्य आहे. यंत्रावर पहारा देणारी माणसे कमी लागतात हे खरे. पण यंत्र जाणणाऱ्या माणसांची गरज मुळीच कमी होत नाही. हा भेद धोरणकर्त्यांनी पुसून टाकला आहे आणि त्याची किंमत कामगार व श्रोता या दोघांनाही मोजावी लागत आहे.

मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालेले नभोवाणी केंद्र खाजगी कंपनीचे होते. १९३० मध्ये ती कंपनी बुडाली आणि प्रसारण सरकारकडे आले. स्वातंत्र्यानंतर देशभर पसरलेले जाळे सार्वजनिक पैशातून उभे राहिले. १९७५-७६ मध्ये सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी पोहोचवण्याचा प्रयोग झाला. उपग्रह अमेरिकेकडून काही काळापुरता मिळालेला होता. खेड्यांतील संच मात्र देशातच तयार झाले आणि ते चालू ठेवण्याचे कामही येथील तंत्रज्ञांनी केले. अशा कामांतून जे कौशल्य साठले, ते कोणत्याही ताळेबंदात न दिसणारे राष्ट्रीय भांडवल आहे.

प्रसारणाचे अर्थशास्त्र साधे आहे. प्रक्षेपक सुरू झाला की त्याच्या टापूत दहा हजार लोक ऐकोत वा दहा लाख, त्याचा खर्च तेवढाच राहतो. वाढीव श्रोत्याचा खर्च शून्य असतो. तोच कार्यक्रम इंटरनेटवरून मोबाईलवर ऐकायचा तर प्रत्येक श्रोत्यासाठी वेगळा प्रवाह लागतो आणि डेटाचे पैसे श्रोताच भरतो. म्हणजे ज्याला आधुनिकीकरण म्हटले जाते, त्यात सार्वजनिक खर्चाचा एक भाग गुपचूप शेतमजुराच्या खिशावर ढकलला जातो. शिवाय संकटकाळी हे जाळे टिकतेच असे नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड जिल्ह्यात अनेक ठिकाणी वीज आणि मोबाईल सेवा कित्येक दिवस बंद होत्या. अशा वेळी बॅटरीवरचा रेडिओ उपयोगी पडतो, पण पलीकडे प्रक्षेपक चालू असेल तरच.

जुने तंत्र कवटाळून बसावे, असा याचा अर्थ नव्हे. दूरदर्शनने मोजके अपवाद वगळता आपले अ‍ॅनालॉग भूप्रक्षेपक २०२२ पर्यंत बंद केले. ते कालबाह्य झाले होते. उपग्रहावरील डीडी फ्री डिश मासिक शुल्काविना मिळते, हेही स्वागतार्ह आहे. परंतु आकाशवाणीने मध्यमलहरींवर डिजिटल क्षमतेचे तीसहून अधिक प्रक्षेपक बसवले, तेव्हा ते ऐकता येतील असे स्वस्त संच सामान्यांना मिळतील याची तजवीज झाली नाही. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने प्रसारणासाठी २,५३९ कोटी रुपयांहून अधिक रकमेची योजना मंजूर केली. २८ एप्रिल २०२३ रोजी १०० वॅटचे ९१ एफएम प्रक्षेपक एकाच दिवशी सुरू झाले. यंत्रे येत आहेत. ती सांभाळणारी पिढी कोठे घडत आहे?

प्रसार भारतीत अभियांत्रिकी पदांची नियमित भरती दीर्घकाळ जवळपास थांबलेली होती. २०११ च्या कायदादुरुस्तीने ५ ऑक्टोबर २००७ पर्यंतच्या कर्मचाऱ्यांना केंद्रीय सेवेतून प्रतिनियुक्तीवर आल्याचा दर्जा दिला. नंतर आलेल्यांची गणना वेगळी आणि कंत्राटी तंत्रज्ञांची त्याहून वेगळी. एकाच मनोऱ्याखाली काम एक, पण हक्क तीन प्रकारचे! मध्यमलहरींच्या मनोऱ्याखाली जमिनीत पुरलेले तांब्याच्या तारांचे जाळे कसे तपासावे, वीज कोसळल्यानंतर दोष कोठे शोधावा, हे ज्ञान ज्येष्ठाच्या हाताखाली पाच-सात पावसाळे काढल्यावर अंगी येते. मुदत संपताच घरी जाणाऱ्या कंत्राटी तरुणाला ते देणार कोण आणि त्याने ते घ्यावे तरी कशासाठी? मग दुरुस्तीसाठी विक्रेत्या कंपनीचा दरवाजा ठोठवावा लागतो आणि सार्वजनिक संस्था केवळ गिऱ्हाईक होऊन बसते.

आता इंटरनेटविना थेट मोबाईलवर प्रसारण करण्याच्या चाचण्या होत आहेत. त्यालाही मनोरे, लहरी आणि प्रक्षेपण जाणणारे अभियंतेच लागतील. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच दिला आहे. मालमत्ता जनतेची आणि ती वापरण्याची विद्या खाजगी कंपन्यांची, अशी विभागणी झाली तर मालकी कागदावरच राहील.

म्हणून जुन्या पदांची संख्या टिकवण्यापुरता लढा मर्यादित ठेवून संघटनांना भागणार नाही. नव्या तंत्राच्या प्रशिक्षणाचा हक्क, निवृत्तीपूर्वी उत्तराधिकाऱ्याची नेमणूक, कायमस्वरूपी कामावर कायम कामगार आणि प्रत्येक यंत्रखरेदीबरोबर तिच्या दुरुस्तीचे ज्ञान हस्तांतरित करण्याची अट, या चार मागण्या एकत्र मांडाव्या लागतील. कामगाराचे हित आणि श्रोत्याचे हित येथे एकच आहे. हे श्रोत्यांपर्यंत नेणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.