आगबोट गेली, सागरसफर आली

मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाच्या सुट्टीच्या बेतांत अलीकडे एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. माथेरान, महाबळेश्वर, गणपतीपुळे ही ठिकाणे परिचयाची झाली. आता लहान मुलांना घेऊन गोव्याकडे वा लक्षद्वीपकडे जाणाऱ्या आलिशान जहाजावर दोन-तीन रात्री काढण्याचा मनोदय शिक्षकांच्या आणि कारकुनांच्या घरांतूनही बोलून दाखविला जाऊ लागला आहे. २०१८ साली मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ सुरू झाली आणि २०२० मध्ये थांबली. २०२१ पासून ‘एम्प्रेस’ हे १९९० साली बांधलेले जहाज भारतीय किनाऱ्यावर सफरी करू लागले. सप्टेंबर २०२५ मध्ये बॅलार्ड पिअर येथे सागरसफरींसाठी नव्या टर्मिनलचे उद्‌घाटन झाले. तेव्हा ही हौस क्षणिक नाही, असे धरूनच तिचा विचार करणे प्राप्त आहे.

या सहलीचे आकर्षण खोटे नाही. सामान एकदाच सोडायचे, जेवणासाठी उपाहारगृहे धुंडाळायची नाहीत, मुलांची दुपारची झोप मोडायची नाही. मुक्काम आणि प्रवास एकाच छताखाली. तान्ह्या मुलांसह प्रवास केलेल्या कोणत्याही मातेला याचे मोल सांगावयास नको. प्रश्न आहे तो हे मोल कसे आकारले जाते, हा.

जहाजावरील खोली हा नाशवंत माल होय. जहाजाने धक्का सोडला की रिकाम्या खोलीची किंमत शून्य होते. म्हणून ती भरण्यासाठी तिकिटाचा दर खाली आणला जातो, आणि त्याच खोलीत निजणाऱ्या तिसऱ्या-चौथ्या माणसाला, म्हणजे बहुधा मुलांना, नाममात्र आकार लावला जातो. जाहिरातीत दिसतो तो ‘दोघांनी एक खोली घेतल्यास दरडोई’ असा दर. बंदर शुल्क, कर आणि सेवा आकार त्यानंतर येतात. खरी कमाई पुढेच असते: पेये, जुगारघर, छायाचित्रे, किनाऱ्यावरील फेरफटके. बाजारात एका दुकानाचा भाव पटला नाही तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते. भर समुद्रात शेजारचे दुकान नसते. हट्ट धरलेले मूल आणि एकच विक्रेता, अशा स्थितीत बापाची सौदाशक्ती किती उरते, हे अर्थशास्त्राचे पुस्तक न उघडताही कळते. तिकिटाइतकीच वरखर्चाची रक्कम आधी ठरवून मगच धक्क्यावर जावे, हे शहाणपणाचे.

दुसरी बाब वयाची. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालील अर्भकांना जहाजावर घेत नाहीत, आणि लंगोट न सुटलेल्या मुलांना पोहण्याच्या तलावात सहसा उतरू दिले जात नाही. ज्या तलावाचे चित्र पाहून तिकीट काढले, त्याच्या काठावर दीड वर्षाचे मूल रडत बसणार असेल, तर सफर दोन वर्षे पुढे ढकलणे हाच काटकसरीचा मार्ग. शिवाय ‘बोट लागणे’ हा शब्दप्रयोग मराठीत उगाच रुळलेला नाही. जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर खोली घेतल्यास हेलकावे कमी जाणवतात. तीच बहुधा स्वस्तही असते.

सुरक्षिततेची बाब मात्र हिशेबाबाहेरची आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळली आणि ३२ जण मृत्युमुखी पडले. त्या सायंकाळी चढलेल्या प्रवाशांची सुरक्षा कवायत तोवर झालेलीच नव्हती, कारण तेव्हाचा नियम त्यासाठी चोवीस तासांची मुभा देत असे. पुढे नियम बदलला आणि २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी वा सुटताच घेणे बंधनकारक झाले. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबई बंदरातच, घारापुरीकडे निघालेल्या बोटीला नौदलाच्या वेगवान नौकेची धडक बसून १५ जणांचा मृत्यू झाला. म्हणून ध्वनिक्षेपकावरून कवायतीची सूचना होताच मुलांना खाऊच्या दालनाकडे नेण्याऐवजी त्यांच्या मापाची तरंगजाकिटे मागून घेणे, हे पालकांचे पहिले कर्तव्य ठरते.

मुलांना आणखी एक गोष्ट दाखवण्याजोगी आहे. खोली आवरणारा, ताट उचलणारा माणूस स्वतःच्या मुलांपासून महिनोन् महिने दूर असतो. गोव्यातील कित्येक घरे अशा नोकऱ्यांवर उभी आहेत, आणि २०२० च्या टाळेबंदीत हे खलाशी जहाजांवर कसे अडकून पडले, हे त्या घरांना ठाऊक आहे. भारताने २०१५ मध्ये स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय सागरी श्रम कराराने त्यांना चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांतीचा हक्क दिला आहे. याचाच अर्थ, चौदा तासांचा दिवसही नियमात बसतो. एका कुटुंबाचा सहवास दुसऱ्या कुटुंबाच्या विरहावर उभा असतो, एवढे भान मुलांना आले तरी सहलीचे पैसे अंशतः वसूल झाले.

परंतु या हौसेमागे एक मोठा प्रश्न दडला आहे. एके काळी हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले ही बंदरे घेत आगबोट पणजीला जात असे. चाकरमानी डेकवर पथारी टाकी, मुले पडावातून किनाऱ्याला लागत. समुद्र ही चैन नव्हती, वाट होती. १९८० च्या दशकात ही सेवा बंद पडली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली; महामार्गाचे रुंदीकरण २०११ पासून दशकाहून अधिक काळ रेंगाळले. आज तोच समुद्र परत आला आहे, पण माल म्हणून. या आलिशान जहाजाच्या सज्जातून मुलाला रत्नागिरीचे दिवे दाखवता येतात. तेथे आजी राहत असली तरी उतरता येत नाही.

जलवाहतूक परवडत नाही, असे उत्तर दिले जाते. पावसाळ्यात बोट बंद राहते, भांडवल अडकून पडते, हे खरे आहे. गणपतीची गर्दी बोट वाहून नेऊ शकणार नाही, हेही मान्य. पण दिवाळी, शिमगा आणि मे महिना उरतोच. रस्त्याने स्वतःचा खर्च टोलमधून पुरता भागवावा, अशी अट सार्वजनिक भांडवलाने रस्ते बांधताना सरसकट घातली गेली नाही. ती एकट्या बोटीलाच का? मार्च २०२० मध्ये सुरू झालेल्या भाऊचा धक्का-मांडवा रो-रो सेवेने एक धडा दिला आहे: धक्के शासनाने बांधून दिले, तर बोट चालविणारा मिळतो.

मुलांना समुद्र जरूर दाखवावा. ऐपत असेल त्यांनी आलिशान जहाजावरून दाखवावा. मात्र पर्यटकांच्या टर्मिनलवर जेवढी तत्परता दाखविली गेली, तिचा काही अंश दाभोळ, जयगड आणि विजयदुर्गच्या धक्क्यांच्या वाट्याला यावा, ही मागणी किनाऱ्यावरील लोकप्रतिनिधींनी अर्थसंकल्पाच्या वेळी लावून धरली पाहिजे. ज्या किनाऱ्याची मुले आपल्याच समुद्रावर केवळ पाहुणी म्हणून जातात, त्या किनाऱ्याचा विकास झाला असे म्हणता येणार नाही.