‘व्हिरिडन्स’ एवढ्यावर भागत नाही

महिना-दीड महिना अंगात बारीक ताप, उतरलेले वजन, लहानपणीच्या सांधेतापाने बिघडलेली हृदयाची झडप आणि तोंडात किडलेली दाढ. पुसद, उमरखेड, महागाव या पट्ट्यातून असा रुग्ण सरकारी रुग्णालयात पोहोचतो तेव्हा दोन-तीन ठिकाणची इंजेक्शने आणि सलाइन घेऊन झालेली असतात. झडपेला जंतुसंसर्ग झाल्याची शंका येते, रक्त कल्चरला जाते. काही दिवसांनी रिपोर्ट येतो तो दोनच शब्दांचा: ‘स्ट्रेप्टोकॉकस व्हिरिडन्स’.

व्हिरिडन्स म्हणजे लॅटिनमध्ये हिरवट. रक्त मिसळलेल्या थाळीवर वाढवले की ज्यांच्याभोवती हिरवट कडे उमटते, अशा तोंडात राहणाऱ्या अनेक जंतूंचे हे सामायिक नाव. बाजारात जाऊन नुसते ‘पालेभाजी द्या’ म्हणण्यासारखे. मेथी हवी की अंबाडी, हे त्यातून कळत नाही.

ते कळणे रुग्णासाठी गरजेचे आहे. मायटिस, सँग्विनिस, म्युटन्स ही या गटातली नेहमीची मंडळी. म्युटन्सला लंडनच्या क्लार्क यांनी 1924 मध्ये किडलेल्या दातातून वेगळे केले. हे जंतू झडपेवर बसले तर बहुतेकदा पेनिसिलिनच्या चार आठवड्यांत आटोक्यात येतात. पण रिपोर्टात ‘अँजिनोसस’ आले तर गोष्ट वेगळी. त्याला गळू करण्याची खोड असते. यकृतात, मेंदूत पू साचला आहे का ते शोधावेच लागते. तिसरा प्रकार आणखी चकवणारा. तो नेहमीच्या माध्यमावर नीट वाढत नाही, त्याला ब-6 जीवनसत्त्व लागते. पूर्वी तो स्ट्रेप्टोकॉकस म्हणूनच ओळखला जायचा, 1995 मध्ये ॲबिओट्रोफिया झाला आणि 2000 पासून ग्रॅन्युलिकॅटेला. त्याला एकटे पेनिसिलिन पुरे पडेलच असे नाही, सोबत जेंटामायसिन द्यावे लागते आणि मूत्रपिंडावर लक्ष ठेवावे लागते. हिरवट कड्याच्या रिपोर्टात यातले काहीच दिसत नाही.

नावे सारखी बदलतात, ही डॉक्टरांची तक्रार खोटी नाही. हिरड्यांच्या आजारातला बॅक्टेरॉइड्स जिंजिव्हॅलिस 1988 मध्ये पॉर्फिरोमोनास झाला. ‘सँग्विस’चे 1997 मध्ये ‘सँग्विनिस’ झाले ते निव्वळ लॅटिन व्याकरणासाठी. त्याने एकाही रुग्णाचे औषध बदलले नाही. पण बहुतेक बदल जनुकांची तुलना करून झालेले आहेत, आणि त्यांच्याकडे पंडिती हौस म्हणून पाहणे महागात पडते.

त्याचे उदाहरण विदर्भाने तरी मनावर घ्यावे. खर्ऱ्यामुळे तोंडाचा कर्करोग इथे घरोघरी माहीत आहे. नवी मुंबईतील खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या टाटा मेमोरियल सेंटरच्या संस्थेत अमित दत्त यांच्या चमूने जिभेच्या कर्करोगाचे नमुने तपासले. एचपीव्ही विषाणू नसलेल्या रुग्णांत फ्युजोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम या तोंडातल्याच जंतूचा संबंध सूज आणि कमी आयुर्मानाशी दिसला. जंतूमुळेच कर्करोग झाला, असा अर्थ यातून काढता येत नाही. खर्रा निर्दोष ठरतो, असे तर मुळीच नाही. पुढे 2024 मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाबाबत दुसऱ्या संशोधकांना आढळले की तिथे या जंतूच्या ‘ॲनिमॅलिस’ या उपप्रजातीची एकच शाखा प्रामुख्याने दिसते. म्हणजे प्रजातीचे नावसुद्धा पुरेसे नाही, त्याखालची पायरीही पाहावी लागते.

पुसदमध्ये जनुके वाचायची यंत्रे बसवा, असे कोणी म्हणणार नाही. मागणी साधी आहे. उपजिल्हा रुग्णालयात रक्ताच्या कल्चरच्या बाटल्या कायम शिल्लक हव्यात आणि प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याआधी वेगवेगळ्या ठिकाणांहून दोन-तीन वेळा रक्त घेतले जावे; एकदा औषध पोटात गेले की बाटलीत काही उगवेल याची खात्री उरत नाही. वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेने प्रजातीपर्यंत जावे आणि नव्या नावापुढे कंसात जुने नाव द्यावे. मॅल्डी-टॉफ यंत्र असेल तर वाढलेल्या जंतूची ओळख काही मिनिटांत होते. मात्र तेही मायटिस आणि न्यूमोनियाचा न्यूमोकॉकस यांच्यात फसू शकते. तिथे पित्तक्षारात जंतू विरघळतो का, ही जुनी, स्वस्त चाचणी अजून उपयोगी पडते. न्यूमोकॉकस विरघळतो, मायटिस विरघळत नाही.

प्रयोगशाळेला एवढे करायचे तर तिलाही काही सांगावे लागते: झडप आधीपासून खराब आहे का, दात कधी काढला, कोणते औषध किती दिवस सुरू आहे. नमुन्यासोबतच्या कागदावर त्यासाठी जागा असते. तिथे बहुतेक वेळा ‘ताप’ एवढेच लिहिलेले असते.